क्लासचे नाव राखीव निघते तेव्हा

या वेळी सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच दुखण्याची निघाली. प्रत्येकाने आपल्या प्रोग्रॅममधल्या क्लासला (माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधणाऱ्या साच्याला) साधे, सहज सुचलेले नाव दिले होते. चौघांना त्या नावानेच अडवले आणि पाचव्यासमोर तो धोका उभा आहे. अडचणीची तऱ्हा मात्र पाचही ठिकाणी निराळी आहे, म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : एका संस्थेचे सभासद नोंदणीचे जुने सॉफ्टवेअर मी सांभाळतो. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ५.६ आवृत्तीवर ते वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत होते. मजकुराची काटछाट करण्यासाठी मी ‘स्ट्रिंग’ नावाचा क्लास लिहिला होता आणि बाकीचे सगळे क्लास ‘ऑब्जेक्ट’ नावाच्या एका मूळ क्लासवरून काढले होते. सर्व्हरवर पीएचपी ८ आल्यावर पहिलेच पान कोरे उमटले. ‘स्ट्रिंग’ हे नाव राखीव असल्यामुळे क्लासला देता येत नाही, अशा अर्थाची फेटल एरर (प्रोग्रॅम तिथेच थांबवणारी चूक) लॉगमध्ये दिसते. पहिले अक्षर कॅपिटल करून पाहिले, क्लास नेमस्पेसमध्ये, म्हणजे नावांच्या वेगळ्या कप्प्यात, टाकून पाहिला, उपयोग झाला नाही. माझे नेमके काय चुकले?

उत्तर : आपण तो क्लास लिहिला त्या दिवशी आपले काहीही चुकले नव्हते. ते नाव तेव्हा मोकळे होते, भाषेने ते नंतर स्वतःकडे घेतले. ते का घ्यावे लागले हे समजले, की कॅपिटल अक्षर आणि नेमस्पेस हे दोन्ही उपाय का लागू पडले नाहीत, याचाही उलगडा होतो.

पीएचपी ५ मध्ये फंक्शनच्या पॅरामीटरपुढे (त्याला पुरवायच्या किमतीच्या नावापुढे) ‘स्ट्रिंग’ असे लिहिले, तर भाषा तो शब्द एखाद्या क्लासचे नाव समजत असे. त्या फंक्शनला साधा मजकूर पाठवला, की ‘स्ट्रिंगचा इन्स्टन्स हवा होता, स्ट्रिंग मिळाली’ अशा अर्थाची एरर येई आणि नवशिक्या माणूस ती पुन्हा पुन्हा वाचून चक्रावून जाई. त्या एका वाक्यात पहिली ‘स्ट्रिंग’ क्लास आहे (इन्स्टन्स म्हणजे त्या क्लासवरून बनवलेली वस्तू) आणि दुसरी ‘स्ट्रिंग’ मजकुराचा टाइप, म्हणजे किमतीचा प्रकार, आहे. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७.० ने पॅरामीटरपुढे साधे टाइप लिहिण्याची सोय केली आणि त्यानंतर एकच शब्द दोन अर्थांनी चालू ठेवणे अशक्य झाले. म्हणून त्या आवृत्तीपासून ‘इंट’, ‘फ्लोट’, ‘बूल’, ‘स्ट्रिंग’, ‘नल’, ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ ही नावे क्लास किंवा त्याचीच भावंडे असलेले इंटरफेस आणि ट्रेट यांपैकी कशालाही देता येत नाहीत. पुढे २०१६ च्या ७.१ मध्ये ‘व्हॉइड’ आणि ‘इटरेबल’, २०१७ च्या ७.२ मध्ये ‘ऑब्जेक्ट’, २०२० च्या ८.० मध्ये ‘मिक्स्ड’ आणि २०२१ च्या ८.१ मध्ये ‘नेव्हर’ अशी भर पडत गेली. आपण ५.६ वरून थेट ८ वर आलात, त्यामुळे इतक्या वर्षांत एकेक करून बदललेले नियम आपल्याला एकाच दिवशी भेटले.

पीएचपीमध्ये क्लासच्या नावातील लहानमोठी अक्षरे वेगळी मानली जात नाहीत, तेव्हा कॅपिटल अक्षराने काही साधणार नव्हतेच. नेमस्पेसचा प्रश्न अधिक विचार करण्यासारखा आहे, कारण एरवी नावांची टक्कर टाळण्यासाठीच नेमस्पेस असते. तरीही इथे ती चालत नाही आणि त्याला चांगले कारण आहे. आपल्या नेमस्पेसमध्ये ‘स्ट्रिंग’ नावाचा क्लास असू दिला, तर त्याच नेमस्पेसमधील एखाद्या फंक्शनच्या पॅरामीटरपुढे ‘स्ट्रिंग’ लिहिले असता त्याचा अर्थ आपला क्लास घ्यायचा की मजकुराचा टाइप, हे ठरवायला कंपायलरकडे (कोड वाचून तो चालवण्याजोगा करणाऱ्या भागाकडे) काही आधार उरत नाही. म्हणून टाइपची ही नावे सर्व नेमस्पेसमध्ये सरसकट बंद केलेली आहेत.

तेव्हा नाव बदलणे हाच मार्ग आहे, आणि मोठमोठ्या फ्रेमवर्कनाही (सॉफ्टवेअर बांधण्याच्या तयार सांगाड्यांनाही) तेच करावे लागले. यी २ मधील मूळ ‘ऑब्जेक्ट’ क्लासच्या जागी २.०.१३ या आवृत्तीत ‘बेसऑब्जेक्ट’ आला आणि केकपीएचपीने २.१० मध्ये ‘केकऑब्जेक्ट’ दिला. दोन्ही बदलांचे कारण पीएचपी ७.२ हेच होते.

नवे नाव काय द्यावे, याविषयी मात्र माझे मत ठाम आहे. घाईत असलेला माणूस जुन्या नावापुढे ‘माय’ लावून ‘मायस्ट्रिंग’ करतो आणि सुटतो. एरर जाते, पण तो क्लास काय करतो हे त्या नावावरून आधीही कळत नव्हते आणि आताही कळत नाही. आपला क्लास मजकुराची काटछाट करतो, तर त्याला ‘टेक्स्टट्रिमर’ म्हणावे. ‘ऑब्जेक्ट’चे नाव बदलण्याआधी बाकीचे क्लास त्याच्याकडून नेमके काय घेतात ते उघडून पाहावे. अशा जुन्या मूळ क्लासमध्ये बहुधा लॉगमध्ये नोंद करणारी एखादी मेथड (क्लासमधले फंक्शन), तारीख छापणारी दुसरी आणि वेळोवेळी सोयीसाठी ठेवलेल्या आणखी चारदोन मेथड सापडतात. त्यांतून सभासदाची, वर्गणीची, पावतीची नोंद करणाऱ्या क्लासना लागणारे जे खरोखर सामाईक असेल, ते ‘बेसरेकॉर्ड’मध्ये ठेवावे आणि उरलेले ज्याच्या त्याच्या जागी पाठवावे.

फाइली तपासताना सॉफ्टवेअर चालवून पाहण्याची गरज नाही. राखीव नावाची चूक कंपाइल होतानाच पकडली जाते, त्यामुळे पीएचपीची ‘डॅश एल’ ही सिंटॅक्स तपासणारी आज्ञा नव्या आवृत्तीवर प्रत्येक फाइलला लावली, की एकही पान न उघडता सगळ्या अडचणी समोर येतात. फाइलीगणिक पहिलीच चूक दाखवली जाते, म्हणून दुरुस्तीनंतर तीच फाइल पुन्हा तपासावी.

याच निमित्ताने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पत्रात तिचा उल्लेख नसला तरी आपली गाठ तिच्याशी पडण्याचा संभव आहे. क्लासचे नाव ‘लिस्ट’, ‘प्रिंट’, ‘डिफॉल्ट’ किंवा ८.० पासून ‘मॅच’ असेल, तर नाव राखीव असल्याचा संदेश येत नाही. तेथे पार्स एरर येते, कारण हे शब्द भाषेचे कीवर्ड, म्हणजे तिच्या व्याकरणातले ठरलेले शब्द, आहेत आणि वाक्याची फोड करतानाच कंपायलर अडखळतो. पीएचपी ७ पर्यंतच्या संदेशात अशा वेळी ‘टी-स्ट्रिंग अपेक्षित होते’ असे छापून येई आणि वाचणारा कोटेशनमधल्या मजकुराचा शोध घेत बसे. त्या टी-स्ट्रिंगचा अर्थ ‘इथे एखादे नाव यायला हवे होते’ एवढाच आहे. मेथडच्या नावाला हे बंधन ७.० पासून राहिलेले नाही, तेव्हा ‘लिस्ट’ नावाची मेथड खुशाल ठेवावी.

आणि उलट बाजूचा एक सापळा. ‘बूल’ आणि ‘इंट’ राखीव आहेत, पण ‘बूलियन’ आणि ‘इंटिजर’ राखीव नाहीत. पॅरामीटरपुढे चुकून ‘बूलियन’ लिहिले, तर पीएचपी त्या नावाचा क्लास शोधू लागते आणि पाठवलेली खरीखुरी बूल किंमत नाकारते. ८.० पासून ‘हे क्लासचे नाव समजले जाईल, आपल्याला बूल म्हणायचे होते का’ अशी सूचना कंपाइल होतानाच मिळते, ती दुर्लक्षू नये.

प्रश्न : मीही अशाच कारणाने ‘स्ट्रिंग’ क्लासचे नाव बदलले आणि सगळ्या फाइलींत शोधून बदली करून घेतली. एरर गेली. परंतु डेटाबेसमध्ये साठवलेल्या जुन्या सेटिंग वाचताना आता ‘इनकम्प्लीट क्लास’ असे काहीतरी हाती येते आणि त्यातील एकही मेथड चालत नाही. डेटाबेसमधील मजकुरातही नाव बदलले, तर वाचणे पूर्णच बंद पडले. काय करावे?

उत्तर : क्लासचे नाव कोडच्या बाहेर किती ठिकाणी जाऊन बसते, हे नाव बदलल्यावरच ध्यानात येते. आपण सेटिंगचे ऑब्जेक्ट (क्लासवरून बनवलेल्या वस्तू) ‘सीरियलाइझ’ करून, म्हणजे साठवण्याजोग्या मजकुरात बदलून, ठेवले होते. त्या मजकुराकडे जरा जवळून पाहू. आरंभी ‘ओ’ हे अक्षर, मग अपूर्णविरामाचे चिन्ह, मग ६ हा आकडा, पुन्हा तेच चिन्ह आणि त्यानंतर अवतरणात इंग्रजी लिपीतील ‘स्ट्रिंग’ हे नाव असते. तो ६ हा आकडा म्हणजे नावातील अक्षरांची संख्या. आपण अवतरणातील नाव बदलून समजा ‘टेक्स्टलाइन’ असे इंग्रजी आठ अक्षरांचे नाव घातले आणि आकडा ६ च राहू दिला, तर वाचणारे फंक्शन सहा अक्षरे मोजून थांबते, तिथे अवतरणचिन्ह सापडत नाही आणि ते काम सोडून देते. आपले वाचणे पूर्ण बंद पडले ते यामुळेच.

आकडाही बदलला तर मजकूर वाचता येईल, पण हाताने असे करणे मला धोक्याचे वाटते. ऑब्जेक्टच्या आत दुसरा ऑब्जेक्ट असतो, खासगी प्रॉपर्टीच्या नावांतही क्लासचे नाव गुंफलेले असते आणि त्या प्रत्येकाची अक्षरसंख्या वेगळी मोजून लिहिलेली असते. एरवी क्लासचे नाव बदलल्यावर जुने नाव टोपणनाव म्हणून जिवंत ठेवता येते, परंतु राखीव नावाच्या बाबतीत तो रस्ताही बंद आहे, कारण टोपणनाव नोंदवतानाही पीएचपी तीच राखीव यादी तपासते.

बॅकअपमधून जुना डेटा परत घ्यावा आणि पीएचपी ५.६ व जुना कोड एखाद्या वेगळ्या यंत्रावर तात्पुरता उभा करावा. तेथे प्रत्येक नोंद वाचून तिच्यातील किमती साध्या अ‍ॅरेत (यादीत) घ्याव्यात आणि जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपात परत लिहाव्यात. जेसनमध्ये क्लासचे नाव उरतच नाही, त्यामुळे हाच प्रसंग दुसऱ्यांदा येणार नाही. काम थोडे कंटाळवाणे आहे, पण ते एकदाच करायचे आहे.

त्याबरोबर आणखी काही जागा पाहून घ्याव्यात. सेशनमध्ये साठवलेले ऑब्जेक्ट, रांगेत थांबलेली कामे, कॉन्फिगरेशनमध्ये अवतरणात लिहिलेली क्लासची नावे, तसेच नोंद कोणत्या क्लासची आहे हे सांगणारा डेटाबेसमधील एखादा कॉलम, या सगळ्यांत जुने नाव दडलेले असू शकते. काही फ्रेमवर्क टेबलचे नाव क्लासच्या नावावरून ठरवतात. लॅरॅव्हेलमध्ये मॉडेलचे नाव बदलून टेबलचे नाव स्पष्ट लिहून दिले नाही, तर ते अस्तित्वात नसलेले टेबल शोधू लागते.

प्रश्न : फाइली हाताळण्यासाठी मी ‘डिरेक्टरी’ नावाचा क्लास लिहिला. हे नाव आधीच वापरात आहे, असा संदेश आला. मी ते कुठेही वापरलेले नाही. नेमस्पेस लावल्यावर एरर गेली, परंतु त्यानंतर प्रोग्रॅम चालताना घडणाऱ्या चुका पकडणारे माझे ‘कॅच’ काहीच पकडेनासे झाले आहे. या दोन गोष्टींचा संबंध असेल का?

उत्तर : थेट संबंध आहे. आपण ते नाव वापरले नसले तरी पीएचपीने वापरले आहे. ‘डिरेक्टरी’ हा तिचा अंगचा क्लास आहे, जसे ‘एक्सेप्शन’ (घडलेली चूक कळवणारा), ‘क्लोजर’ आणि ‘जनरेटर’ आहेत. मात्र ही नावे ‘स्ट्रिंग’सारखी सर्वत्र बंद केलेली नाहीत, ती जागतिक नेमस्पेसमध्ये, म्हणजे नेमस्पेस न लिहिलेला कोड जिथे जातो त्या सामाईक कप्प्यात, भरलेली आहेत इतकेच. म्हणून पहिल्या पत्रात निरुपयोगी ठरलेला नेमस्पेसचा उपाय आपल्याला लागू पडला. संदेशातील शब्दांत हा भेद स्वच्छ सांगितलेला असतो. ‘राखीव आहे’ असे म्हटले असेल तर नाव बदला, ‘आधीच वापरात आहे’ असे म्हटले असेल तर नेमस्पेस पुरते.

आता ‘कॅच’कडे वळू. फाइलीच्या वर नेमस्पेस लिहिली, की त्या फाइलीतील प्रत्येक सुटे क्लासनाव त्या नेमस्पेसमधील मानले जाते. आपण ‘कॅच’च्या कंसात नुसते ‘एक्सेप्शन’ लिहिले आहे. पीएचपी त्याचा अर्थ ‘आपल्या नेमस्पेसमधला एक्सेप्शन’ असा घेते, असा क्लास नाही, म्हणून फेकलेला खरा एक्सेप्शन त्याच्याशी जुळत नाही आणि पुढे निघून जातो. फंक्शनची गोष्ट वेगळी आहे. फंक्शन नेमस्पेसमध्ये मिळाले नाही तर पीएचपी जागतिक पातळीवर शोधते, त्यामुळे आपली फंक्शने पूर्वीसारखीच चालली आणि क्लासही चालतील असे आपल्याला वाटले. क्लाससाठी तशी दुसरी संधी नसते.

सर्वांत वाईट भाग असा, की ‘कॅच’मधल्या नसलेल्या क्लासबद्दल पीएचपी अवाक्षरही काढत नाही. त्याच फाइलीत नवा एक्सेप्शन तयार करून फेकला असता, तर क्लास सापडला नाही अशी एरर लगेच आली असती. ‘कॅच’ मात्र गप्प राहतो आणि चूक ज्या दिवशी खरोखर संकट येते त्या दिवशी उघडी पडते. म्हणून जुन्या कोडला नेमस्पेस लावणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे, की आधी प्रत्येक ‘कॅच’ शोधावा, नावापुढे उलटी तिरकी रेघ द्यावी किंवा फाइलीच्या वर ‘यूज’ने ‘एक्सेप्शन’ आणून घ्यावा, आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.

नेमस्पेस लावलीत हे एरवी उत्तमच झाले. जागतिक नेमस्पेसमध्ये भाषा नवनवे क्लास आणत राहते. ८.० मध्ये ‘अ‍ॅट्रिब्यूट’ आला, ८.१ मध्ये ‘फायबर’, २०२३ च्या ८.३ मध्ये ‘ओव्हरराइड’. वस्तूंचे गुणधर्म साठवण्यासाठी कोणी नेमस्पेसविना ‘अ‍ॅट्रिब्यूट’ क्लास लिहिला असेल, तर ८.० वर त्याचा कोड उभाच राहत नाही.

प्रश्न : मी जावा शिकत आहे. सरावासाठी ‘स्ट्रिंग’ नावाचा माझा स्वतःचा क्लास लिहिला. तो कंपाइल झाला. पण प्रोग्रॅम चालवताना मेन मेथड (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ती) सापडत नाही असे सांगून ती कशी लिहावी हे दाखवले जाते. दाखवलेली ओळ आणि माझी ओळ अक्षरशः एकसारखी आहे. शिक्षकांनी सुचवल्यावरून क्लासचे नाव बदलले, तरीही तीच एरर येते.

उत्तर : दोन्ही ओळी दिसायला एकसारख्या आहेत, अर्थाने नाहीत. जावामध्ये ‘इंट’ हा कीवर्ड आहे, त्यामुळे त्या नावाचा क्लास कंपाइलच होत नाही. ‘स्ट्रिंग’ मात्र कीवर्ड नाही, तो भाषेबरोबर येणारा एक क्लास आहे. त्याचे पॅकेज (क्लासचा गट) प्रत्येक फाइलीला आपोआप मिळते, पण आपल्याच पॅकेजमध्ये त्या नावाचा क्लास असेल तर मान आपल्या क्लासला मिळतो. त्यामुळे आपल्या मेन मेथडमधला स्ट्रिंगचा अ‍ॅरे आपल्या क्लासचा झाला. जावा शोधत होती भाषेच्या स्ट्रिंगचा अ‍ॅरे घेणारी मेन, आणि तशी मेन आपल्या प्रोग्रॅममध्ये खरोखरच नव्हती.

नाव बदलल्यावरही एरर राहिली, कारण पहिल्यांदा कंपाइल केले तेव्हा तयार झालेली ‘स्ट्रिंग डॉट क्लास’ ही फाइल अजून त्याच फोल्डरमध्ये पडून आहे. मूळ कोड गेला तरी कंपायलर ती उचलतो. ती फाइल पुसून टाका आणि सगळे पुन्हा कंपाइल करा, प्रोग्रॅम चालेल. चूक स्वतः करून पाहिल्यामुळे नावांचा शोध कोणत्या क्रमाने होतो हे आपल्याला फार लवकर कळले, याचा मला आनंद वाटतो.

प्रश्न : आमच्या पीएचपी कोडमध्ये ‘रिसोर्स’ नावाचा क्लास आहे. आज तो ८.३ वर व्यवस्थित चालतो. तरी तो बदलावा असे एक सहकारी म्हणतात. चालत्या कोडला हात का लावावा? आणि भाषा पुढे कोणती नावे घेईल, याचा अंदाज करता येतो का?

उत्तर : आपले सहकारी योग्य सांगत आहेत, फक्त घाई नाही. ‘रिसोर्स’ आणि ‘न्यूमेरिक’ ही नावे ७.० पासून सौम्य राखीव यादीत आहेत. म्हणजे आज चालतात, पण पुढे घेतली जातील असे गृहीत धरून ती टाळावीत, असे भाषेच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट बजावले आहे. ‘ऑब्जेक्ट’ आणि ‘मिक्स्ड’ही एके काळी याच यादीत होते आणि पुढे दोन्ही पूर्णपणे राखीव झाले.

भाषा काय घेईल याचा अंदाज बऱ्यापैकी करता येतो. एकाच शब्दाचे आणि कोणत्याही प्रोग्रॅमला लागू पडेल असे नाव धोक्यात असते. जावाने मार्च २०१८ मधील १० व्या आवृत्तीत ‘व्हार’ आणि मार्च २०२१ मधील १६ व्या आवृत्तीत ‘रेकॉर्ड’ ही टाइपची नावे म्हणून बंद केली. मात्र जावा लहानमोठी अक्षरे वेगळी मानते, म्हणून बंदी पूर्ण लहान अक्षरांतील नावांनाच आहे. सी शार्पचा कंपायलर ११ व्या आवृत्तीपासून, टाइपचे नाव फक्त इंग्रजी लहान अक्षरांत असेल तर असे नाव भाषा पुढे राखून ठेवू शकते, अशी सूचना आधीच देतो, आणि ही पद्धत मला फार आवडते. तिथे नावापुढे अ‍ॅटचे चिन्ह लावून राखीव शब्दही वापरता येतो. पीएचपीत तशी पळवाट नाही.

काही वेळा भाषेचे कर्तेही जपून पाऊल टाकतात. पायथनने २०१८ च्या ३.७ मध्ये ‘असिंक’ पूर्ण कीवर्ड केला, तेव्हा ते नाव पॅरामीटरला दिलेल्या काही लायब्ररी (तयार कोडचे संच) कोलमडल्या. २०२१ च्या ३.१० मध्ये ‘मॅच’ आणताना तो केवळ विशिष्ट जागीच कीवर्ड समजला जाईल अशी व्यवस्था ठेवली गेली. पीएचपी ८.१ ने ‘इनम’ आणतानाही तसेच केले, त्यामुळे ‘इनम’ नावाचे जुने क्लास आजही चालतात.

आपल्या ‘रिसोर्स’ क्लासपुरते सांगायचे, तर त्या फाइलीत दुसऱ्या काही कामासाठी हात घालाल तेव्हा नावही बदलून टाका. तो सभागृहांची नोंद ठेवत असेल तर ‘हॉलबुकिंग’, यंत्रांची ठेवत असेल तर ‘मशीनअलॉटमेंट’. बदलण्यापूर्वी दुसऱ्या पत्राच्या उत्तरात सांगितलेल्या जागा तपासा. आपले जुने नाव अजून पुरते राखीव झालेले नाही, म्हणून त्या पत्रलेखकाला न मिळालेली टोपणनावाची सोय आपल्याला आज वापरता येईल.